दसऱ्याला उघडलेलं घर

आमच्या घराला आयुष्यभर नावं कोणी ठेवली असतील तर ती माझ्या नवऱ्याने. ते एस.टी.वर ड्रायव्हर होते. आष्टी, कडा, नगर, जामखेड, पाटोदा याच रस्त्यांवर त्यांची उमर गेली, आणि गाडी चालवता चालवता ते लोकांची घरं बघायचे. संध्याकाळी आले की बूट काढायच्या आधी सुरू. "आगं, धामणगावच्या वळणावर एकानं पोर्च काढलंय. लई भारी." दुसऱ्या दिवशी कुणाच्या खिडक्या, तिसऱ्या दिवशी कुणाचं गेट. मग आमच्या घरावर एक नजर टाकून म्हणायचे, "न्हाईतर आपलं हे. गोडाऊन." मी म्हणायची, तुम्ही गाडी चालवता का घरं बघायला जाता? प्रवाशांना कळलं तर मधेच उतरून पायी निघतील.

घर गोडाऊनसारखं होतं हे मात्र खरं. आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी बांधलेलं, तेव्हा गल्लीत पहिला स्लॅब आमचाच होता आणि त्याचा मला तोरा होता. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात मोरी, भिंतींना कोनाडे, खिडक्या एवढ्याशा, आणि रंग म्हणजे चुन्यात नीळ टाकलेली. पुढे गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. काही वर्षांनी त्यावर दुसरा झाला. प्रत्येक वेळी रस्ता वर आणि आम्ही होतो तिथेच. शेवटी घर रस्त्याच्या खाली गेलं. पाऊस पडला की गल्लीतलं पाणी न बोलावता घरात यायचं आणि मी केरसुणी घेऊन त्याला बाहेर हाकलत बसायची.

रिटायर झाल्यावर घर नवं करायचं, हे ठरलेलंच होतं. पण ठरलेली गोष्ट लगेच करतील तर ते हे कसले. आज बघू, उद्या बघू, यात दोन-तीन पावसाळे गेले. मग एक दिवस कड्याच्या बाजारातून मोटारसायकलवर येताना डाव्या बाजूने म्हैस आडवी आली आणि हे तिच्यावर गेले. म्हशीला काही झालं नाही. यांचा गुडघा फुटला. मी म्हटलं, एवढी मोठी म्हैस दिसली नाही? हे म्हणाले, "समोरचं दिसतंय की. बाजूचं कुठं दिसतंय." इतक्या सहज म्हणाले, की सगळ्यांना तसंच दिसतं असं त्यांना वाटत असावं.

नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर चांगले होते, पण बोलायला काटकसरी. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले, राहिलीय ती सांभाळायची, थेंब चुकवायचे नाहीत. मी विचारलं, किती दिवस राहील? त्यांनी कागदावर थेंबांचं नाव लिहिलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

परतीच्या गाडीत हे खिडकीपाशी बसले. नगर मागे पडलं. मग म्हणाले, "आता घर करून घेऊ. दिसतंय तवर. लोकांची लई बघितली, आपलं झालेलं बघायचंय मला." मी मान हलवली. ती त्यांना दिसली की नाही कोण जाणे, मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते.

आता खरी गंमत ऐका. आमच्या गल्लीतलाच मिस्त्री मोकळा होता. दुसऱ्याच दिवशी दारात येऊन म्हणाला, "काकू, हातात काम न्हाई. उद्या हात लावू का?" लावू दिला असता तर ही गोष्ट मला सांगावी लागली नसती. पण पित्रं चालू होती. पित्रांच्या पंधरवड्यात घराला कुदळ लावतात का? मी म्हटलं, पित्रं जाऊ दे. पित्रं गेली तर घट बसले. घट आमच्या देवघरात बसतो. माती, त्यात धान, वर माळ, आणि एकदा बसला की उठेपर्यंत जागचा हलवायचा नाही. देवघर मधल्या खोलीत आणि काम मधल्या खोलीपासूनच सुरू करायचं. या वेळी हे अडून बसले. "आईनं आयुष्यात कधी घट हलवला न्हाई. आमी हलवायचा व्हय?" म्हणजे पित्रं मी धरली आणि घट त्यांनी धरला. मग दोघांनी मिळून ठरवलं की सरळ दसऱ्याचा मुहूर्त धरू. एवढा चांगला मुहूर्त, पंचांगसुद्धा बघायला नको. आम्ही दोघं स्वतःवर फार खूश होतो.

दसऱ्यानंतर आमच्या भागात काय होतं ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाचे ट्रक गावात येतात आणि अर्धं गाव चढून जातं. आणि मी तर अंगणवाडीत सेविका. दरवर्षी दसरा झाला की माझी अंगणवाडी ओस पडते. कालपर्यंत मांडीवर चढणारी पोरं आई-बापाबरोबर कारखान्याच्या रस्त्याला लागतात आणि मी रिकाम्या सतरंजीवर बसून राहते. हे मी इतकी वर्षं बघतेय. मिस्त्रीसुद्धा दरवर्षी बायकोला घेऊन तोडीला जातो हे मला माहीत होतं. त्याची धाकटी माझ्याच अंगणवाडीत होती. पण मुहूर्ताच्या आनंदात ना मला आठवलं, ना यांना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

दसऱ्याला नारळ फुटला. आमच्याकडच्या मिस्त्र्यांची एक रीत आहे. काम धरलं की पहिल्या काही दिवसांत जेवढं फोडता येईल तेवढं फोडून ठेवायचं. घर एकदा उघडं पडलं की मालक दुसऱ्या कुणाकडे जात नाही. आमच्या मिस्त्रीने ही रीत मनापासून पाळली. फरशी उचकटली. घर रस्त्याच्या वर आणायचं म्हणून आत मुरमाचा भराव टाकला. भराव टाकल्यावर दारं बुटकी झाली, म्हणून चौकटी काढल्या. चौकटी वर सरकवायच्या म्हणून वरची भिंत फोडली. मोरी गेली, कोनाडे बुजले, जुन्या गिलाव्याला छन्नीने टवके पाडले. हे दारात खुर्ची टाकून बघत बसायचे. समोरचं दिसायचं तेवढं पुरत नव्हतं म्हणून मान इकडून तिकडे फिरवत राहायचे. पण चेहऱ्यावर असा आनंद की काय सांगू. "इथं मोठी खिडकी. जामखेडच्या त्या डॉक्टरची हाय ना, तसली." मी धुळीत चहा करून करून वैतागले होते, पण मलाही बरं वाटत होतं.

दिवाळीच्या तोंडावर मिस्त्री आला तो कामाच्या कपड्यांत नव्हता.

"काका, ट्रक आलाय," तो म्हणाला.

मीच म्हटलं, "आलाय तर येऊ दे. आपलं काम?"

"मुकादमाला शब्द दिलाय, काकू. जोडीनं जावं लागतं. शिमग्याला आलोच की."

"शिमग्याला! तवर बिनदाराच्या घरात राहू मी?"

"थंडीत चोर बी येत न्हाईत, काकू," तो म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं की मला हसू येत नाहीये.

मी बोलायचं ते बोलले. नको तेही बोलले. घर उघडं टाकून जायची लाज वाटत नाही का, वगैरे. मग त्याच्या मागोमाग ट्रकपर्यंत गेले, अजून बोलायचं होतं म्हणून. ट्रकवर भांडी, गोधड्या, कोंबड्यांची डाल, आणि त्या पसाऱ्यात त्याची धाकटी बसलेली. तिने मला बघितलं आणि हात हलवला. "बाई, येते." तिचं स्वतःचं घर पत्र्याचं, त्याला कुलूप लावून ती चालली होती. माझा राग आता कुठे ठेवायचा तेच मला कळेना. मी पण हात हलवला आणि घरी आले.

हे खुर्चीवर तसेच बसलेले. म्हणाले, "गेला?" मी म्हटलं, गेला. "मग बघू शिमग्याला." आवाज नेहमीचाच होता. मी मात्र मोरीच्या जागी असलेल्या खड्ड्यापाशी जाऊन रडून घेतलं.

त्यानंतर मी मिस्त्री शोधत फिरले. गावात पुरुष माणूस म्हणजे म्हातारा नाहीतर पुढारी, आणि दोघंही कामाचे नाहीत. कड्याला विचारलं, आष्टीला विचारलं. जे होते त्यांच्या हातात दुसऱ्यांची कामं होती. एक जण येऊन बघून गेला. कमरेवर हात ठेवून सगळीकडे फिरला आणि म्हणाला, "दुसऱ्यानं फोडलेल्यात मी हात घालत न्हाई." आमच्या मिस्त्रीला फोन लावला तर बहुतेक वेळा लागायचा नाही. लागला तर मागे कोयत्यांचा आवाज आणि हा ओरडून सांगणार, "येतो काकू, येतो!" पण येणार कधी, तर शिमग्यालाच.

दारांना मी जुन्या साड्या बांधल्या. स्वयंपाक मागे पत्र्याखाली, झोपायचं एका खोलीत. मुरमावर चालून पायांना भेगा पडल्या. लग्न होऊन गेलेल्या आमच्या लेकी फोनवर म्हणायच्या, आई, आमच्याकडे या दोघं. पण हे घर सोडायला तयार नव्हते. घर सोडलं तर ते राहूनच जाईल अशी त्यांना भीती होती. मलाही होती.

आणि नजर उतरत होती. ती एका दिवसात जात नाही, त्यामुळे कुणाशी भांडायचं तेही कळत नाही. आधी ओट्यावर ठेवलेला तांब्या सापडेना. मग चहा कपाच्या बाहेर पडायला लागला. मग गल्लीतला माणूस हाक मारेपर्यंत कोण ते कळेना. थेंब मी स्वतः टाकायची, सकाळ-संध्याकाळ, एकदाही चुकू दिले नाहीत. ते वर बघत पडून राहायचे आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघायची. डोळे आपले पहिल्यासारखेच, काळेभोर. बघून काही कळायचं नाही.

थंडीत एक दिवस यांच्या डोक्यात आलं की गिलावा आपणच करू. "त्यात काय हाय? इतकी वर्षं बघतोय." मी म्हटलं, इतकी वर्षं तुम्ही विमानंही बघताय. पण मला नाही म्हणवेना. मी वाळू चाळली, सिमेंट कालवलं. यांनी थापीने माल भिंतीवर मारला. निम्मा भिंतीवर, निम्मा माझ्यावर. दिवसभर खपून खिडकीशेजारचा एक पट्टा झाला. संध्याकाळी दोघांचे हात सोललेले, कंबर मोडलेली, पण मजा आली हे खोटं कशाला बोलू. सकाळी उठून बघितलं तर जवळजवळ सगळा पट्टा घसरून खाली बसला होता. मी हसायला लागले. हेही हसले. मग ते भिंतीपाशी गेले आणि गिलावा कुठवर राहिलाय ते हाताने चाचपू लागले. उजेड स्वच्छ होता. मी हसायची थांबले.

संक्रांतीनंतर पुन्हा नगरला गेलो. डॉक्टरांनी मशीनवर हनुवटी ठेवायला लावली, तपासलं, थेंब बदलून दिले. मी काही विचारलं नाही. येताना गाडीत हे नेहमीसारखे खिडकीपाशी बसले. त्याच रस्त्याने, ज्यावर त्यांना प्रत्येक घराचं गेट माहीत. धामणगावचं वळण आलं. तिथे आता दोन मजली बंगला झालाय, पुढे काचेची गॅलरी. हे काही बोलले नाहीत. मी वाट बघितली. मग मीच म्हटलं, "आहो, त्या पोर्चवाल्यानं वर माडी चढवली."

"व्हय का," हे म्हणाले. "कशी हाय?"

मी म्हटलं, "बरी हाय."

एवढंच माझ्या तोंडून आलं. मला घराचं कधी काही सांगताच आलं नाही, सांगायचं काम त्यांचं होतं. गाडी पुढे गेली. मला स्वतःचाच राग आला.

मिस्त्री बोलल्याप्रमाणे शिमग्याला आला. काळवंडलेला, गालफडं आत गेलेली, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. त्याला शिव्या द्यायच्या म्हणून मी हिवाळाभर साठवून ठेवल्या होत्या. त्याला बघून म्हटलं, आधी जेव. दुसऱ्या दिवसापासून तो आणि त्याची बायको असे कामाला भिडले की मला बघवेना. चौकटी बसल्या, गिलावा झाला, मोठी खिडकी झाली. फरशी आली तेव्हा त्याने दोन नमुने यांच्यापुढे धरले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "काका, कोणती? ही दाण्याची का ही साधी?" यांनी दोन्हींवरून हात फिरवला आणि एक पुढे केली. "ही." मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. तो खाली बसला आणि विनाकारण बराच वेळ दोरी ताणत राहिला.

उजेड आणि अंधार एवढं यांना कळत होतं. मोठ्या खिडकीतून ऊन यायला लागलं तेव्हा ते तिथे जाऊन उभे राहिले. "लई उजेड आला गं," म्हणाले. मी म्हटलं, हो, लई आला.

पाडव्यानंतर रंगारी आला. कंपनीचं रंगांचं पुस्तक यांच्या हातात दिलं. यांनी ते दारापाशी नेलं, उजेडात तिरकं धरलं, पानं उलटली आणि मला दिलं. "तू सांग." मी आयुष्यात यांच्यासाठी शर्टाचा रंगही निवडला नव्हता. अंगणवाडीत पोरांना शिकवते तेवढेच रंग मला येतात. टोमॅटो लाल, लिंबू पिवळं, पोपट हिरवा. पुस्तकात एका हिरव्याचेच शंभर प्रकार. मी घाबरून एकावर बोट ठेवलं. रंगाऱ्याने पुढच्या खोलीच्या भिंतीवर तो मारला आणि वाळल्यावर बघितलं तर दवाखान्यातल्या पडद्याचा असतो तसला हिरवा.

रंगारी म्हणाला, "काकू, पसंत नसंल तर आत्ताच बोला. बाकीच्या खोल्या राहिल्यात, बदलून आणतो."

मी म्हटलं, राहू दे.

हे खाटेवर बसले होते. "कावून? चांगला न्हाई बसला?"

"न्हाई बसला. बेकार दिसतंय."

"मग बदल की."

धूळ, मुरूम, साड्यांची दारं, नगरचे हेलपाटे, सगळं एकदम वर आलं. मी म्हटलं, "कशाला बदलायचा? आता बघणारं कोण हाय हितं?"

तोंडातून गेलं आणि मला कळलं. रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला. बाहेर मिस्त्रीची बायको पाणी मारत होती, तीसुद्धा थांबली. मला वाटलं आता हे उठून जातील, नाहीतर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

यांनी माझा आवाज आला त्या बाजूला तोंड वळवलं. थोडं चुकलं, माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत म्हणाले, "तू हायस की. तुला दिसतंय न्हवं? मग तुला आवडंल असा लाव."

मला जवळ जाता येईना आणि बाहेरही जाता येईना. रंगाऱ्याने ते पुस्तक पुन्हा उघडून माझ्यापुढे धरलं आणि वाट बघत उभा राहिला. मी पानांकडे बघत होते. डोळे पाण्याने भरलेले, आणि मला एकही रंग दिसत नव्हता.